मालेच्या दगडाला आंघोळ

दगडाला पाण्याचा थेंब लागता कामा नये, हे मी आमच्या विभागप्रमुखांना पुण्यातून निघतानाच बजावलं होतं. मोटार पिरंगुटला पोचली तेव्हा पुन्हा बजावलं. "हो हो, बाई," ते म्हणाले.

माले गावी भाताच्या कोरड्या खाचरात आकाशातून एक काळा दगड पडला होता. तिथल्या मास्तरांनी त्याची कपची आमच्या कॉलेजात पाठवली. मी भूशास्त्र शिकवत असे. दगडाचं वर्णन करून त्याचा प्रकार ठरवायचं काम माझ्याकडे आलं. कोळशासारखा काळा, नखानं ओरखडा उठेल इतका मऊ, आणि भिंगाखाली एकही गोल दाणा नाही. विभागप्रमुख सरांच्या देखतच मी त्याचा तुकडा पाण्यात टाकला. त्याचा चिखल झाला. कार्बनयुक्त उल्कापाषाणांचे तेव्हा तीन प्रकार मानत. हा पहिला, फार दुर्मीळ. पण कपची चाचण्यांतच संपली. कार्बन मोजायला मूळ दगड हवा होता, आणि तो कोरडा हवा होता.

गावानं त्याला पाटावर बसवलं होतं. शेताचा मालक म्हणाला, "न्ह्या की. पर देव हाय त्यो. आंघुळ घातल्याबिगर गावाभाईर कसा धाडायचा?"

"दादा, तो विरघळेल."

बायका फिदीफिदी हसल्या. "दगुड इरगाळतुया व्हय? बाईंना गुळाचा खडा वाटला!"

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर गावानं ऐकलं असतं. ते चपला काढून पाटासमोर बसले. "लोकांचं मन मोडू नये, बाई." पंचामृताची पहिली पळी त्यांनीच सोडली.

दूध, दही, तूप, मध, साखर. वर तांब्याभर पाणी. आरती संपेपर्यंत दगड फुगला, चिरला आणि पाटावर पसरला. हसणं थांबलं. "बाई खरं बोलत व्हत्या," एक म्हातारी पुटपुटली. तिच्यावर माझा राग नव्हता. तिनं असा दगड कधी पाहिला नव्हता. सरांनी पाहिला होता, माझ्याच टेबलावर.

मी तो काळा लगदा डब्यात खरवडून घेतला. परतताना पौड मागे पडल्यावर सर म्हणाले, "एवढं काय त्यात? प्रकार तर सिद्ध झाला. आता यातला कार्बन मोजा."

"मोजते की. भरपूर निघेल. निम्मा मालेच्या म्हशीचा."

ते मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी डबा मी त्यांच्या टेबलावर ठेवून आले. दह्याला वास सुटला, तेव्हा कुठे त्यांनी शिपायाला हाक मारली.