बेदाण्यावर पारखलेले दिवे

तीस वर्षं मी लोकांच्या घरात उजेड पाडतोय. तासगावापासून पार वाईपर्यंत माझ्या हातचं वायरिंग आहे आणि त्यातलं एकही आजवर जळालेलं नाही. माझी पद्धत ठरलेली होती. खोलीच्या मधोमध एक पॉइंट, दारावर एक ट्यूब, आणि मालकाची ऐपत असेल तर पीओपीच्या कडेनं पिवळ्या उजेडाची पट्टी. घरात कोण कुठं बसतं, हे मी कधी विचारलं नाही. ते विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हाही मी कुणाला विचारलं नाही. एका रविवारी सगळं लाइटिंग कागदावर काढलं. हॉल असा, की पाहुण्यानं उंबऱ्यातच थबकावं. बायकोनं कागद नीट पाहिला आणि म्हणाली, "ह्यात माझं टेबल कुठं हाय?"

टेबल म्हणजे बेदाणा निवडायचं टेबल. वीस वर्षं ती द्राक्षं वाळवायच्या शेडवर बेदाणा निवडत होती. मशीनमधून आलेला माल शेवटी बायकांच्या बोटांखालूनच जातो. हिरवा, पिवळा, काळपट वेगळा करायचा, राहिलेली काडी काढायची. त्या साली तिचा गुडघा गेला, शेडच्या टेम्पोत चढणं जमेना. शेडचा व्यापारी भला माणूस. म्हणाला, घरी निवडून देणार असाल तर पेट्या पाठवतो, पण रंगात चूक चालायची नाही. घरात रंग ओळखू येईल असा पांढरा उजेड झाला तरच तिचं काम टिकणार होतं, नाहीतर एका गुडघ्यापायी वीस वर्षांचा कसबी हात रिकामा बसणार होता. हे मला कळत होतं. तरी मी फाडकन बोललो, "हॉलमध्ये पांढरे दिवे लोंबवायला हे घर हाय का शेड? उजेड त्यो उजेड."

दिवे घ्यायला आम्ही सांगलीला गेलो, तेव्हा ती पदराच्या गाठीत मूठभर बेदाणा बांधून आली होती. दुकानात माझ्या आवडत्या पिवळ्या दिव्याखाली तिनं तो काउंटरवर ओतला.

"आवं, निवडा की. हिरवा एकीकडं, पिवळा एकीकडं."

दुकानदार जुन्या ओळखीचा. तो गालातल्या गालात हसत बघत राहिला. मी झरझर निवडलं. तिनं दोन्ही ढीग दोन तळहातांवर घेतले आणि दारात, उन्हात नेऊन मला दाखवले. दोन्हीकडं खिचडी होती.

"वायरमन, दिव्याखाली अंधार म्हणत्यात त्यो ह्योच," दुकानदार म्हणाला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं मात्र शांतपणे एकेक पांढरा दिवा लावून बेदाण्यावर पारखला, आणि चौथा पसंत केला.

परतताना एसटीत मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. राग तिच्यावर नव्हता. मी उजेड दिलेल्या किती घरांत बायका त्या मधोमधच्या दिव्याकडं पाठ करून, ओट्यावर स्वतःच्याच सावलीत भाकरी थापत असतील, हे डोक्यात शिरलं होतं. मला माझीच लाज वाटत होती.

स्लॅब तीन दिवसांवर आला होता. एकदा काँक्रीट पडलं की आतला वायरचा पाइप हलत नाही, आणि वायरमनच्याच घरात भिंतीवरून पट्टी मारून वायर नेली तर गाव हसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या खोलीत मी तिला टेबलाशी बसवलं आणि टेप काढला.

"तोंड कुठं करून बसनार?"

"खिडकीकडं. अन् दिवं दोन पायजेत, दोनी अंगाला. एकच असला की हाताची सावली मालावर पडती."

दिवे डोक्यापासून किती वर, कोपरापासून किती लांब, सगळं मोजलं. गुडघा दुखवून उठायला लागू नये म्हणून बटण बसल्या जागी हाताला येईल असं घेतलं. मग ओट्याचं विचारलं, मोरीचं विचारलं, कपाटाचं विचारलं. ती सांगत गेली आणि मी मुकाट लिहीत गेलो. दुपारी स्लॅबच्या सेंटरिंगवर चढून मी माझेच पाइप उपसले आणि तिच्या मापानं पुन्हा टाकले.

वास्तुशांतीनंतर पहिली पेटी तिनं त्या टेबलावर निवडली. व्यापारी स्वतः आला, मूठभर माल उन्हात नेऊन बघितला आणि परत येऊन आणखी दोन पेट्या ठेवून गेला. मला इतका अभिमान माझ्या कुठल्याच कामाचा वाटला नव्हता.

गेल्या महिन्यात विट्याचे एक गलाईवाले घर बघायला आले. सोनं गाळायचं दुकान त्यांचं कोइमतूरला, आणि गावी बंगला चाललाय. त्यांनी खुर्चीत बसून पेपर धरून बघितला, ओट्यावर हात फिरवून सावली शोधली.

"लय इचारानं केलंय. कुनी काढलं हे?"

ह्या प्रश्नाला तीस वर्षं माझं एकच उत्तर होतं, आणि ते जिभेवर आलंही.

"हिनं," मी म्हणालो. "मी फकस्त वायरी वढल्या."

खिडकीपाशी निवडत असलेल्या बायकोकडं ते वळले. "मग वैनी, आमच्या बंगल्याचं बी तुमीच सांगा."

तिनं हातातलं काम थांबवलं नाही. "तुमच्या घरात सगळ्यात जास्त काम कोन करतंय, आन् कुठं बसून?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि ते म्हणाले, "थांबा, मंडळींना इचारतो."