ठिपके थांबले तिथे

आमची वहिनी पासवर्डचे रकाने तपासते. दवाखाने, बँका नवी वेबसाइट काढतात आणि ही बया त्यात चुकीचा, रिकामा, वेडावाकडा पासवर्ड टाकून बघते. घरातही तोच खाक्या. लावलेलं कुलूप चारदा ओढून बघेल! बाबा सुनेला फौजदारीण म्हणतात.

त्या रविवारी बाबांचं आतडं फुटायच्या बेतात होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई ऑपरेशन थिएटरच्या दारातच अडून बसल्या. "मागच्या ऑपरेशनला कुठल्या औषधाने श्वास अडकला होता? नाव कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

ते कागद जुन्या दवाखान्याच्या साइटवर. तिथे सुट्टीच्या दिवशी फोन कोण उचलतो, डोंबल! दादाने बाबांचा पासवर्ड दोनदा टाकला, दोन्ही वेळा चूक. नवा मागवावा तर बाबांचा जुना नंबर बंद. आणखी एकदा चुकलं की खातं उद्यापर्यंत कुलूपबंद.

"बाबा, नीट आठवा ना," दादा रडकुंडीला आला.

"तोच आहे रे," बाबा कण्हले. "आमच्या सुनेपुढे कुणाचं काही चालत नाही. तीच म्हणाली होती, लांबलचक ठेवा."

एरवी मी हसले असते. वहिनी मात्र पांढरीफटक पडली. ती साइट तिनेच पास केली होती.

तिने स्वतःच्या फोनवर नव्या खात्याचं पान उघडून बाबांच्या पासवर्डचं तेच वाक्य टाकायला घेतलं. काळे ठिपके वाढत गेले आणि मध्येच थांबले. बोट चालूच. तिने डोळ्याचं चिन्ह दाबलं. रकान्यात एवढंच होतं: आमच्या सुनेपुढे कुणाचं.

"मेल्याने पुढचं गिळलं! खातं काढताना कापतो आणि आत जाताना मात्र कापत नाही, मग जुळणार कसं. मी तपासताना दरवेळी आपला तोच आखूड पासवर्ड टाकत आले, हाताच्या सवयीने."

तिने दादाचा फोन ओढला. तिने तेवढेच तीन शब्द टाकले.

पान उघडलं. डॉक्टरीणबाईंनी औषधाचं नाव वाचलं आणि त्या आत धावल्या.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली, ढसाढसा रडली आणि डोळे न पुसताच तिने आपल्या कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. "त्या दवाखान्याचं खातं काढायचं पान आत्ताच्या आत्ता बंद करा. चूक माझी आहे."

"अहो, पण वर्षभरात एकाचीही तक्रार नाही."

"तक्रारीचं पान लॉगिनच्या आत आहे, साहेब," वहिनी ओरडली. "बाहेर अडकलेले कुठून करणार?"