खवट तेलाचा थेंब

ह्यांचा डावा कान मामंजींनी फोडला. कुणी विचारलं तर 'लहानपणी कान फुटला' असं सांगायचं ठरलं होतं. पण तो फुटला तेव्हा मी तिथंच होते.

मामंजी म्हणजे माझे सासरे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांची भातशेती. कूळकायदा नुकताच आला होता आणि जमीन हातची जाते की काय या धास्तीनं ते सदा पेटलेले असत. गड्याला कासऱ्यानं फोडून काढताना मी त्यांना पाहिलं होतं. सासूबाईंच्या कपाळावर तांब्याच्या काठाची खूण होती. मी महाडच्या मास्तरांची मुलगी, घरात कधी कुणी आवाज चढवलेला ऐकला नव्हता. इथं पहिल्या महिन्यातच शिकले, की मामंजींचा आवाज चढला की आधी हाताशी असलेली भांडी आत न्यायची.

हे मुंबईत साबणाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत कामाला होते. कारखाना बंद पडला तेव्हा एक पत्र्याची ट्रंक घेऊन परतले. आत कपडे थोडे, बाटल्याच जास्त. गोठ्यामागच्या पडवीत ह्यांनी फळी ठोकली आणि काचेच्या बरण्या मांडल्या. साबणात घालतात ते सिलिकेट पाण्यात कालवायचं आणि मोरचुदाचा नाहीतर हिराकशीचा खडा आत सोडायचा. बघता बघता खड्याला कोंब फुटत, निळ्या-हिरव्या फांद्या वर चढत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मागं सरले.

"जिवंत आहे हे?"

"नाही. नुसते क्षार आहेत. पण वाढतात कसे ते बघ."

ह्यांना मात्र त्याच्या पुढचं काही हवं होतं. बशीत सोड्याचं पातळ पाणी घेऊन त्यात खवट खोबरेलाचा थेंब सोडायचे. थेंब थरथरायचा, हातपाय काढल्यासारखा पसरायचा, सरकत कडेला जायचा. स्वतः हलणारा, खाणं ओढून घेणारा, एकाचे दोन होणारा थेंब बनवायचा, असा ह्यांना ध्यास लागला होता. एकदा थेंब तुटून दोन झाले तेव्हा मी ओरडलेच. हे म्हणाले, "हा फुटला. जन्मला नाही." लग्नानंतर आम्ही मोकळेपणानं बोलू लागलो ते त्या बशीवर वाकून.

मामंजींनी एकदा एक बरणी उंबऱ्यावर आपटली. "नांगर धराया नको म्हणून ही थेरं!" ह्यांनी काचा वेचल्या आणि दुसरी बरणी मांडली.

मग गोऱ्हा मेला. त्याची आई व्यायल्यावर गेली होती. मामंजींनी बांबूच्या नळीनं दूध पाजून त्याला वाढवला होता. त्या घरात त्यांनी कुणाच्या अंगावरून मायेनं हात फिरवला असेल तर त्याच्याच. त्या सकाळी ह्यांनी बरण्या धुतल्या, मोरचुदाचं विषारी निळं पाणी घमेल्यात तसंच ठेवलं आणि स्वच्छ पाणी आणायला ओढ्यावर गेले. गोऱ्हा दावं तोडून पडवीत शिरला आणि ते प्यायला. दुपारी तो पाय झाडत पडला. तोंडातून हिरवट फेस येत होता, डोळे पांढरे झाले होते. मामंजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. जीव गेला तसे उठले आणि दाराचा अडसर काढून हातात घेतला.

"काय पाजलंस रे त्याला?"

"बाबा, माझी चूक—"

पहिला तडाखा कानावर बसला. हे आडवे झाले. दुसरा खांद्यावर, तिसरा पाठीवर. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. हे ओरडतसुद्धा नव्हते. कानातून रक्ताची धार शेणाच्या जमिनीवर गळत होती. सासूबाई तोंडात पदर कोंबून भिंतीशी उभ्या. मी कुडातला कोयता ओढला आणि मध्ये उभी राहिले.

"आता हात उचललात तर घालीन."

"घाल गो! बापाच्या घरचा माज हाय तुला. घाल!"

ते एक पाऊल पुढं आले. मी दोन्ही हातांनी कोयता डोक्यावर नेला. तो मी खाली आणलाच असता. मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. त्यांनाही ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. ते वळले आणि अडसर फळीवर चालवला. बरण्या फुटल्या, काचा उडून त्यांच्याच हातात घुसल्या. निळं पाणी आणि रक्त पायाशी एक झालं. सगळं फोडून झाल्यावर ते गोऱ्ह्यापाशी बसले आणि मोठ्यानं रडू लागले.

त्याच दुपारी मी ह्यांना धरून पोलादपूरपर्यंत चालवलं आणि एसटीनं महाडला नेलं. खांद्याचं हाड जुळलं. पुढं एका शाळेच्या प्रयोगशाळेत ह्यांना काम लागलं. पण बरेच दिवस ह्यांनी बशीला हात लावला नाही. "मुकं जनावर माझ्यामुळं गेलं," एवढंच म्हणायचे. शेवटी मीच एक दिवस सोड्याचं पाणी करून पुढं ठेवलं.

दोन पावसाळ्यांनी मामंजी दारात आले. थकले होते. पाणी प्यायले, ह्यांची वाट बघत पायरीवर बसून राहिले. हे शाळेतून आले तेव्हा दोघं आधी भाताबद्दल बोलले. मग मामंजींची नजर बशीवर गेली.

"ह्यो जिता हाय?"

"नाही, बाबा."

"मंग हलतो कशानं?"

हे समजावत बसले. मामंजी मधे न बोलता ऐकत होते, एकदा त्यांनी बोटानं बशी आपल्याकडं ओढलीसुद्धा. ह्यांचा चेहरा उजळला होता.

जाताना मामंजी मला म्हणाले, "येतो गो." मी मान हलवली नाही.

त्या संध्याकाळी हे खुशीत होते, मी नव्हते. मामंजी पुन्हा आले नाहीत, आणि मीही कधी त्यांची वाट पाहिली नाही.