डोक्यावरचा पदर

गावातलं आमचं घर पत्र्याचं आणि संडास घरापासून लांब. औषध चढवून आलं की मला उलट्या होत, उठवत नसे. डॉक्टर म्हणाले, दवाखान्याजवळ खोली बघा. म्हणून आम्ही जालन्याला आलो.

पहिल्या दोन घरी ह्यांनी खरं सांगितलं. एका घरी लेकरं लहान होती, दुसऱ्या घरी लेकीचं लग्न जमत होतं. कॅन्सर लागतो असं कुणी म्हणालं नाही. माणसं भली होती. पाणी दिलं, फक्त पेले आत नेले नाहीत. तिसऱ्या घरी ह्यांनी सांगितलं, बायकोला कंबरेचं दुखणं आहे. खोली मिळाली.

मग केस गेले. मी पदर कपाळापर्यंत ओढायला लागले, नळावर जातानासुद्धा. घरमालकीण खूश झाल्या. सुनेला ऐकवायच्या, "बघ त्या बाईकडं. कधी पदर ढळला का? न्हाई तर तू, केस मोकळे सोडून गल्लीभर फिरून राह्यली."

माझं एवढं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं. ऐकताना मी पदर आणखी पुढं ओढायचे. खरं कळून खोली गेली असती तर उपचार अर्धे राहिले असते.

संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बरं नाही म्हणावं, तर बाई बघायला खोलीत आल्या असत्या. गेले. मालकीणबाईंनी कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "पदर जरा मागं घे, गजरा माळते."

मी पदर हनुवटीखाली घट्ट धरला.

"आत्याबाई, गजरे मी लावते," सून म्हणाली. तिनं अंबाडा शोधायला पदराखाली हात घातला. हात थांबला. खोली गेली, असं मी मनात म्हटलं. तिनं बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि गजरा पदरालाच टाचला.

"हे काय? केसांत न्हाई का माळायचा?"

"आता अशीच फॅशन हाये, आत्याबाई."

"मंग मलाबी तसाच लाव."

त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका पदराला गजरे टाचून घरी गेल्या.

सून मला दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "काकू, मी कुणाला सांगत न्हाई. निवांत राहा. पण केस जल्दी येऊ द्या. तवर या घरात माझी काही सुटका न्हाई."