आडनावाच्या जागी 'भैया'

लालबागच्या त्या चाळीची तक्रार अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही, आणि ती आठवली की माझी चूकही आठवते. नोकरीतले कितीतरी मोठे तपास मी आज विसरलो आहे. इथे ना खून होता ना दरोडा. एका दगडावर कोणीतरी दोन शब्द कोरले होते, एवढीच फिर्याद होती.

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. गाव वर्ध्याकडचं. मुंबईत येऊन वर्ष झालं होतं, तरी ठाण्यात माझी ओळख 'नागपूरवाले' अशीच होती. वर्धा आणि नागपूर वेगळी आहेत हे मुंबईच्या माणसाला समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. आमचे वरिष्ठ निरीक्षक गिरगावात जन्मलेले, शुद्ध बोलणारे, मनाने चांगले. पण माझ्या तोंडून 'चौकशी करून राहिलो' असं निघालं की ते ठाणे अंमलदाराकडे बघून म्हणत, "राहिलेत का? राहा, राहा." सगळे हसत. मीही हसायचो, पण आतून राग यायचा.

गिरण्यांचे भोंगे बंद पडून तेव्हा काही वर्षं झाली होती. संप रीतसर मागे घेतल्याचं कोणी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे गिरणगावात 'संपानंतर' असा शब्द नव्हता. 'संपात' असंच म्हणत. धडधाकट पुरुष भर दुपारी नाक्यावर बसलेले दिसत. कोणी शिवडीला गोदामात हमाली धरली, कोणी बिऱ्हाड गुंडाळून गावी गेलं. हातातलं सगळं गेलं की माणूस उरलेल्या गोष्टीला घट्ट धरून बसतो. त्या चाळीकडे एक दगड उरला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जवळच्या नाक्यावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात चाळीतले चौघे गेले. त्यांची नावं कोरलेला तो काळा दगड चाळीच्या दारातच उभा होता.

स्मृतिदिन चार दिवसांवर आला आणि दगड धुवायला गेलेल्या माणसाला चार नावांखाली पाचवं नाव दिसलं. पहिलं नाव रामावरून ठेवलेलं, कोकणात निघेल तसं काशीकडेही निघेल असं. पुढे, आडनावाच्या जागी, 'भैया'.

मंडळाचे अध्यक्ष दहा-बारा जणांना घेऊन ठाण्यात आले. पन्नाशीचे, गिरणीत साचे म्हणजे माग चालवलेले, आवाज चढा. "साहेब, आमची माणसं छातीवर गोळ्या झेलून गेली तेव्हा ही मुंबई मिळाली," ते म्हणाले. "ह्यांनी नोकऱ्या घेतल्या, जागा घेतल्या. आता हुतात्मे पण घेणार काय?"

कायद्याने बघितलं तर किरकोळ नुकसानीचा अदखलपात्र प्रकार. नोंद करायची, कोर्टात जा म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पण त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "नाक्यावरच्या पानवाल्याचं काम आहे. त्याला घ्या आत." हवालदार तिथे पोचला तेव्हा पानवाल्याचा ठेला रस्त्यात उलटा पडलेला होता. वरिष्ठांनी मला बोलावून घेतलं. "स्मृतिदिनाच्या आत निकाल लावा. आज ठेला पडला, उद्या माणूस पडेल."

पानवाल्याला आम्ही ठाण्यात आणून बसवलं. निम्मं चौकशीसाठी, निम्मं त्याच्याच जिवासाठी. हवालदाराने आवाज चढवला तसा तो माझ्याकडे वळला.

"साहब, बरसों से इस नाके पे हूँ. सब भैया बोलते हैं, सुन लेता हूँ. पर अपने आदमी का नाम पत्थर पे लिखूँगा तो उसकी जात-बिरादरी लिखूँगा, गाँव लिखूँगा. भैया काहे लिखूँगा? ये तो आप लोगों का दिया हुआ नाम है."

हवालदाराला ते उद्धट वाटलं. मला मात्र पटलं. मी मेलो तर माझी आई दगडावर 'नागपूरवाले' असं लिहिणार नाही. लिहिलंच तर ठाण्यातलं कोणीतरी लिहील. म्हणजे कोरणारा हात मराठी होता, आणि त्या माणसाला रोज भैया म्हणून हाक मारणाऱ्याचा होता.

पंचनाम्याच्या वेळी मी दगडावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि अक्षरांचा ठसा घेतला होता. जेवायला घरी गेलो तेव्हा तो खिशातच होता. बायकोने ताट वाढता वाढता कागद उचलून बघितला. "हे लिहिलेलं थोडीच आहे? हे तर वाटणाच्या पाट्याला टाकी लावल्यासारखं दिसून राहिलं," ती म्हणाली. मी पुन्हा बघितलं. वरच्या चार नावांच्या रेघा सलग होत्या. पाचवं नाव मात्र जवळजवळ मारलेल्या टोच्यांचं होतं. त्याच आठवड्यात आमच्या पोलीस लाइनीत पाट्यांना टाकी लावणारी, म्हणजे टोचे मारून ते खरखरीत करणारी बाई येऊन गेली होती. बायको गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलं, नातवंडं सगळी मुंबईचं बोलतात. घरात 'दिसून राहिलं' असं म्हणणारं कोणी उरलं नाही, आणि ते ऐकायला जीव तरसतो.

टाकीवाली चिंचपोकळीला पुलाजवळ राहत होती. तिने काहीच लपवलं नाही. "खाणावळीच्या बाईनं खडूनं वढून दिलं, म्या त्याच्यावर टाकी मारली. पाटा बी दगड, त्यो बी दगड. माजा काय गुन्हा?" काम तिने भर दुपारी केलं होतं. त्या दिवशी चाळीत सकाळपासून पाट्यांची ठकठक चालू होती. त्यात हीही ठकठक मिसळून गेली. सगळ्या चाळीच्या कानांदेखत गुन्हा घडला आणि कोणी मान वर करून बघितलं नाही.

खाणावळ त्याच चाळीत तळमजल्यावर होती. चालवणारी बाई साठीच्या आसपासची, मालवणकडची, तरुणपणीच विधवा झालेली. गिरण्या चालू असताना तिच्याकडे पंगतीवर पंगत उठे. मी गेलो तेव्हा दोनच जण जेवत होते. ते हात धुऊन जाईपर्यंत मी थांबलो.

"मीच लिहून दिलंय, साहेब," तिने मी विचारायच्या आत सांगितलं. "चूल बंद करून गावाक चाललंय. जाण्याआधी ह्या एक काम करूचा होता."

तो माणूस उत्तरेकडचा, गिरणीतला बदली कामगार. तिच्याकडे सहा-सात वर्षं जेवायला होता. अशा जेवणाऱ्यांना खाणावळीत मेंबर म्हणत. पहिल्या दिवशी माशाच्या वासाने तो नाक धरून बसला आणि वर्षभरात बांगड्याच्या आमटीत तिरफळं कमी पडली की तोच तिला सांगायला लागला. हे सांगताना ती हसली. मग मी गोळीबाराच्या दिवसाबद्दल विचारलं.

"जेवण निवत होता. माजे सगळे मेंबर नाक्यावर मोर्च्यात. मीच तेका सांगलंय, भैया, जा, सगळ्यांक जेवूक बोलवून हाड. तो गेलो. माणसा इली. तो येवक नाय."

"हॉस्पिटलात गेला होतात?"

"गेल्लंय. दारावरच्या पोलिसान इचारल्यान, तुजो कोण? मी विधवा बाई. काय सांगतलंय? मेंबर, म्हटलंय. तो हसाक लागलो. मगे मी घराक इलंय."

मी जबाब लिहीत होतो. ती खाली बघत म्हणाली, "मी तेची वाट बगायचंय, साहेब. तेका ठावक नव्हता. कोणाकच नव्हता. अजून पंगत बसली की दाराकडे बगतंय."

त्याचं आडनाव तिला सांगता आलं नाही. इतकी वर्षं वाढलं, पण आडनाव कधी विचारलंच नव्हतं. सगळे भैया म्हणत, तीही भैया म्हणे. "दगडार तेचा नाव रवांदे, साहेब. माजा दुसरा काय मागना नाय."

मग मी शेवटचा प्रश्न विचारला. त्याने बोलावल्यावर परत कोण कोण आलं? तिने एकच नाव सांगितलं, मंडळाच्या अध्यक्षांचं. "तोच पयलो येवन पाटार बसलो."

गिरणीच्या टाइम ऑफिसात कामगारांची नोंद मिळाली असती, पण त्याला कुलूप होतं, म्हणून मी आमच्या जुन्या रेकॉर्डचे गठ्ठे सोडले. गोळीबाराच्या कागदांत एक नोंद सापडली. अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस, वारस मिळून आला नाही. गोळी आमच्या खात्याची आणि नोंदही आमच्याच खात्याची. वारस दारापर्यंत आला होता आणि आमच्याच माणसाने हसून परत पाठवला होता. त्या लढ्यावर मोर्चेवाल्यांची भाषणं मी पुष्कळ ऐकली होती. पोलिसांच्या बाजूने कोणी बोललेलं ऐकलं नव्हतं, आणि तो कागद हातात धरल्यावर मलाही काही बोलता आलं नसतं.

अध्यक्षांना मी एकटंच बोलावलं. बाईचा जबाब वाचून दाखवला. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी वीस वर्षांचा होतो, साहेब. भूक लागलेली. तो म्हणाला, चलो, बाई बुला रही है. मी आलो. तो दुसऱ्यांना शोधायला पुढे गेला."

"मग दगड बसवला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लढा मराठी माणसाचा. त्यात भैया मेला, हे ऐकून कोण घेणार? आणि गोळ्या चालल्या तेव्हा मी जेवत होतो, हे पण सांगायला लागलं असतं."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनीच तोड काढली. नाव राहू दे, पुढचा शब्द तेवढा बुजवू. पहिलं नाव काय, कोणाचंही असतं. मला ती तोड फार शहाणपणाची वाटली. बाईचं नाव राहत होतं, चाळीची अब्रू राहत होती, कोणाचं डोकं फुटत नव्हतं. 'फिर्यादीस तक्रार पुढे चालवायची नाही' असा शेरा मी स्टेशन डायरीत मारला. मंडळाच्याच पोरांनी पानवाल्याचा ठेला उभा करून दिला. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, आणि त्या दिवसापासून ते मला आडनावाने हाक मारायला लागले. त्याचा मला किती आनंद झाला होता, हे आज लिहायलाही लाज वाटते.

गवंड्याने काळा रंग घातलेलं सिमेंट भरलं. मी बंदोबस्ताला शेजारी उभा होतो. स्मृतिदिन शांततेत पार पडला. हार घालून माणसं पांगल्यावर खाणावळीची बाई पुढे आली. ती त्या नावावरून बोट फिरवत गेली आणि गुळगुळीत जागेवर येऊन थांबली.

"भैया खंय?"

मी समजूत घातली. नाव तर आहे ना, तेच महत्त्वाचं, असं काहीतरी म्हटलं.

"ह्या नावाचे माज्या गावात चार जण हत," ती म्हणाली. "आता हो कोण, साहेब?"

तिने तेवढंच विचारलं आणि खाणावळीत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सामान बांधून ती गावी गेली. मी तिला पुन्हा कधी भेटलो नाही. पत्ता जबाबावर होता, एक पत्र टाकता आलं असतं. तेही टाकलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा लालबागला गेलो. मला त्या गिरणगावाची फार आठवण येते. मी तिथला नव्हतो, तिथे माझी थट्टाच झाली, तरी माझं उमेदीचं वय तिथेच गेलं. पंगतीत ओळखीपाळखीशिवाय सरकून जागा देणारी ती माणसं आता दिसत नाहीत. गिरण्यांच्या जागी टॉवर आले आहेत. चाळ मात्र उभी होती, आणि दगडही होता. एक तरुण तिथे मोटारसायकल पुसत होता. मी त्याला विचारलं, हे पाचवे कोण?

"आमच्या चाळीतलेच, काका. राजापूरकडचे असणार. पूर्वी कुठे सगळे आडनाव लावायचे?"

"नाही," मी म्हटलं. "तो भैया होता. उत्तरेकडचा. माणसांना जेवायला बोलवायला गेला होता."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. उलटून बोलला नाही. हसून म्हणाला, "काका, तुम्ही इथले नाही ना?"

पोलिसाला शिकवलेलं असतं की शांतता राहिली म्हणजे काम झालं. मीही तेच मानून नोकरी केली, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. त्या प्रकरणात शांतता राहिली आणि माणूस गेला. एकदा आमच्या गोळीने गेला होता, दुसऱ्यांदा माझ्या तडजोडीने गेला. खात्याची शिस्त म्हणून मी इथे कोणाचंच नाव दिलेलं नाही, त्याचंही देत नाही. पण त्या नाक्यावर चार मराठी माणसांबरोबर जो पाचवा पडला, तो भैया होता. हा माझा जबाब समजावा. तो मी वाचून पाहिला आहे आणि तो बरोबर आहे.