मेओने बांधलेली गुहा

मेओसारखा कारागीर आमच्या टेकड्यांवर पुन्हा झाला नाही. माझ्यासारखाही झाला नाही, पण त्याचं कारण वेगळं. मेओ बड्या लोकांच्या बागांत खोट्या गुहा बांधायचा. फ्लॉरेन्सच्या श्रीमंतांना तेव्हा तेच वेड. बांधकाम निसर्गाकडून शिकावं, असं त्यांच्या पुस्तकांत होतं म्हणे. मी वाचलं नाही. पाद्रीबाबांच्या शाळेत अक्षरओळख होताच मी शेळ्यांमागे पळालो होतो.

मेओ आणि त्याची बायको तेस्सा तेलाच्या घाण्यावरच्या माळ्यावर राहायचे. खालच्या भट्टीच्या धुराने तिचा खोकला हटेना. आमचे धनी उगोलिनो मेओला म्हणाले, "माणसाचा हात दिसणार नाही अशी गुहा कर. बागेतलं घर तुझं." आणि शहरात निघून गेले.

मेओने नदीतले भोकाभोकांचे दगड रचले, शेवाळ लावलं, पाणी ठिबकवलं. जिवंत खेकडे, गोगलगायी चुन्याच्या लगद्यात दाबून साचे काढले, त्यांतून चुन्याचे प्राणी ओतून दगडांत बसवले. मी त्याच्या हाताखाली होतो. मला एकच काम दिलं, पाल. ती साच्याआधीच निसटली, म्हणून मी आठवणीवरून घडवली.

"गोस्तो, हे काय?"

"पाल."

"बरं. कोपऱ्यात बसव."

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत धनी परतले. गुहेत शिरून म्हणाले, "झरा छान सापडला. पण गुहा कुठाय?"

"हीच की, धनी."

"ही तर डोंगराचीच. वर्षभर माझं अन्न खाल्लंस आणि काय केलंस? नुसतं झाडलंस?"

"मी बांधलीय हो."

"सगळे आळशी असंच म्हणतात. घर विसर."

तेस्सा रुमाल तोंडाशी धरून उभी. धनी वळले, मशाल कोपऱ्याकडे गेली आणि ते थबकले.

"या पालीला कान का आहेत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाहीतर तिला ऐकू कसं येणार, धनी?"

धनी हसता हसता ओल्या दगडावर बसले. "हे काही निसर्गाचं काम नव्हे." मग शेजारच्या खेकड्याला बोट लावून बघितलं, गोगलगाय खरवडली, आणि नखातला चुना बघून मेओकडे वळले.

त्याच आठवड्यात तेस्साने नव्या घरात चूल मांडली.

तेव्हापासून मेओ प्रत्येक गुहेत एक प्राणी मलाच करायला लावी. एकदा मी जीव ओतून बेडूक केला, अगदी हुबेहूब. मेओने तो उलटासुलटा करून पाहिला.

"हा खराच वाटतो. पोटापाण्याचा प्रश्न आहे, गोस्तो," तो म्हणाला. "मोड आणि पुन्हा कर."