एका विहिरीच्या दोन विहिरी

नव्वदच्या दशकात बारामतीत कॉम्प्युटरचा कोर्स संपवला आणि इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात नोकरी मागायला गेले. तिथल्या साहेबांनी सरळ सांगितलं, उसाच्या आणि पाण्याच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम करून दाखवा, चालला तर नोकरी. मी हवेतच. प्रोग्राम लिहिला, त्यात आमच्या घरचीच माहिती भरली: आबांचं म्हणजे वडिलांचं रान, चुलत्यांचं रान आणि दोघांत मिळून एक विहीर.

दाखवताना साहेबांनी माहिती फाइलमध्ये साठवायला लावली, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायला लावला. मग म्हणाले, आबांकडं विहिरीची मोटर पाच हॉर्सपॉवरऐवजी साडेसातची करा. केली. चुलत्यांकडं ती पाचचीच राहिली.

"भावाभावांत भांडणं लावताय व्हय?" साहेब म्हणाले. "शुक्रवारी या. तेवढीच संधी हाय."

चूक कळत होती. फाइलमध्ये प्रत्येक रानाखाली मी विहिरीचं सगळं वर्णन लिहीत होते, म्हणून फाइल वाचताना प्रोग्राम प्रत्येक वेळी नवी विहीर खणत होता. उपाय काही सुचेना, आणि चिडचिड सगळी घरच्यांवर निघत होती.

गावी कोऱ्हाळ्यात आम्ही घरी जेवत होतो. चुलते दारातूनच आबांना म्हणाले, "आज चिंचंची पाळी माझी हाय, उद्या तुमी घ्या." आबांनी नुसती मान हलवली.

माझा घास हातातच राहिला. आमच्याकडं प्रत्येक विहिरीला नाव असतं. चिंचेची, दगडाची, नवी. ही नवी माझ्यापेक्षा वयानं मोठी. खोली किती, मोटर कुठली, कुणी सांगत बसत नाही. नाव घेतलं की सगळे एकाच विहिरीवर जातात. मी ताट सारून उठले. आई ओरडली, पण मला तेव्हा भूक कसली!

प्रत्येक विहीर फाइलमध्ये एकदाच लिहायची, रानाखाली फक्त तिचं नाव. वाचताना त्या नावाची विहीर आधीच तयार असेल तर तीच घ्यायची, नसेल तरच नवी करायची.

शुक्रवारी आबांकडची मोटर बदलली, चुलत्यांकडची आपोआप बदलली. साहेबांनी फाइल स्वतः बंद केली, उघडली, उलट बाजूनं, चुलत्यांकडून मोटर बदलून पाहिली. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आमच्या चौघा भावांत एक हाय. ती भरा."

भरली. चौघांकडं एकच विहीर दिसली. एकाकडं मोटर बदलली, चौघांकडं बदलली.

"कामावर कधीपासून येताय?" त्यांनी विचारलं.

"आलेच आहे," मी म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीतून उठलेच नाही.